डोंबिवलीच्या वाट्याची पाच मिनिटं

"हॉल द्यायला माझी काही हरकत नाही हो. फक्त खाली फळ्यावर श्रीलंका वगैरे लिहू नका म्हणावं. मॅचची स्क्रीन लावलीय समजून अख्खी बिल्डिंग येईल."

सेक्रेटरी काका मीटरच्या खोलीशी उभे राहून फोनवर बोलत होते. पलीकडे चेअरमन असावेत. ते हल्ली मुलाकडे ठाण्यात कोलशेतला राहतात आणि सोसायटी फोनवरून चालवतात. मी जिन्याच्या वळणावर थांबले. माझ्या कानात इयरफोन होते, पण त्यांत काही वाजत नव्हतं. इयरफोन घातलेल्या मुलीशी कोणी बोलायला येत नाही आणि तिच्यासमोर लोक बोलायचेही थांबत नाहीत, हे मला शाळेत असतानाच कळलं होतं.

"नाही नाही, पक्ष नाही, झेंडा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मामी आहेत ना, त्यांच्या भावाचं काहीतरी आहे. कॉम्प्युटरवर देशोदेशीचे लोक येणार आणि पेज पिणार म्हणे. हो, पेज. आपली तांदळाची. आता मला काय विचारताय, मी तरी कुठे पाहिलंय."

मग पलीकडचं ऐकून ते म्हणाले, "ठीक आहे, देतो मग किल्ली."

मी दूध आणायला निघाले होते. दूध राहिलं बाजूला, मी पायऱ्या गाळत वर गेले आणि मामींची बेल दाबली. एरवी मी कोणाची बेल दाबत नाही, मेसेज करते. मामींनी दार उघडलं तेव्हा मला धाप लागली होती.

"हॉल मिळाला," मी म्हणाले.

मामींनी पदराला हात पुसले, आत वळून त्यांच्या यजमानांना तमिळमध्ये काहीतरी सांगितलं आणि मला म्हणाल्या, "आधी आत ये. पाणी पी. पळतेस काय अशी, चोर मागे लागल्यासारखी."

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना मामीच म्हणतात. त्या तमिळ बोलतात, दारात रोज तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात, म्हणजे मद्रासच्या, एवढं ठरवून सगळे मोकळे झाले होते. मीही. त्या जाफन्याच्या आहेत, तरुण असताना होडीतून समुद्र ओलांडून आल्या, रामेश्वरमजवळच्या छावणीत राहिल्या आणि मग डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या मामांशी लग्न होऊन इथे आल्या, हे मला त्याच वर्षी मार्चमध्ये कळलं. तेही त्यांना माझं इंग्रजी हवं होतं म्हणून.

त्यांची थोरली बहीण कॅनडात, टोरांटोला. तिची मुलगी माझ्याच वयाची. ही भाची मावशीशी तमिळ बोलायची, पण ते घरातलं तमिळ, जेवलीस का, गुडघा कसा आहे, एवढ्यापुरतं. महत्त्वाचं काही असलं की ती इंग्रजीत लांबलचक मेसेज लिहायची. मामींना इंग्रजी थोडं समजतं, पण तिचं इंग्रजी फार भरभर आणि मोठ्या मोठ्या शब्दांचं. मामा म्हणायचे, अंदाजाने समजून घे. मामींना अंदाज नको होता. एक दिवस त्या फोन घेऊन आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तू इंग्लिश मीडियमची ना? हे वाच आणि मला मराठीत सांग. काही गाळायचं नाही."

असं सुरू झालं. भाची इंग्रजीत लिहायची, मी मराठीत सांगायचे, मामी मराठीत उत्तर द्यायच्या आणि मी ते इंग्रजीत टाइप करायचे. जाफन्याची गोष्ट टोरांटोला जायची ती डोंबिवलीच्या मराठीतून. भाचीला हे कळलं तेव्हा तिने हसण्याच्या चेहऱ्यांची रांगच पाठवली आणि लिहिलं, माझ्या चित्तीला सांग, तुझी सेक्रेटरी मला आवडली. चित्ती म्हणजे मावशी.

पहिल्याच मेसेजमध्ये तिने विचारलं होतं ते असं. श्रीलंकेतलं युद्ध संपलं तेव्हा शेवटच्या काही आठवड्यांत हजारो तमिळ माणसं समुद्रकाठच्या एका पट्टीत कोंडली गेली होती. मुळ्ळिवाय्क्काल हे त्या जागेचं नाव. तिथे खायला उरलं होतं ते म्हणजे पाण्यात शिजवलेला मूठभर तांदूळ आणि मीठ. म्हणून दर मे महिन्यात जगभरातले तमिळ लोक तशीच पेज शिजवतात, करवंटीतून पितात आणि गेलेल्यांची नावं घेतात. त्याचबरोबर विचारतात, की जे शेवटच्या दिवशी शरण गेले आणि परत आले नाहीत ते कुठे आहेत. या वर्षी भाचीच्या गटाने ठरवलं होतं, की एकेका शहराने ऑनलाइन यायचं, प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि ज्यांनी आजवर तोंड उघडलेलं नाही त्यांनी बोलायचं. चित्ती, तू बोलशील का? मी मुंबई लिहू का यादीत?

मी हे सगळं मराठीत सांगून झाल्यावर मामींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तो मेसेज स्वतः पाहिला. मग म्हणाल्या, "मुंबई कशाला? मुंबईत कुठे राहते मी? डोंबिवली लिही म्हणावं."

लंडन, पॅरिस, ओस्लो, मेलबर्न, डोंबिवली. भाचीने जाहिरातीचं चित्र पाठवलं त्यात खरंच तसं लिहिलं होतं. मी ते ऑफिसात डेस्कखाली फोन धरून इतक्यांदा पाहिलं, की शेजारची मुलगी म्हणाली, "कोण आहे गं तो?"

मामींचा धाकटा भाऊ त्या शरण गेलेल्यांतला होता. तो सैन्याच्या चौकीच्या आत गेला तेव्हा त्यांची आई तिथे होती. पुढे श्रीलंकेतल्या छावणीतून सुटल्यावर तिने फोन करून ते सगळं मामींना सांगितलं. एकदाच, आणि फक्त मामींना. काही वर्षांनी आई गेली. म्हणजे तो मुलगा जिवंत आत गेला, हे पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेल्या आता एकट्या मामीच उरल्या होत्या. इतकी वर्षं त्या बोलल्या नव्हत्या, कारण मामांना भीती होती. मामींचे इथले कागद अजून पूर्ण झालेले नाहीत. त्या होडीतून आल्या, शिक्का मारून नाही. "चेहरा दाखवायचा नाही, फोटो नाही, झेंडा तर घरातसुद्धा नाही," मामांनी पहिल्याच दिवशी अटी घातल्या. मामींनी त्या मान्य केल्या. कॅमेरा पेजेच्या भांड्यावर राहील, आवाज फक्त मामींचा, असं ठरलं.

मला भाचीने त्यांच्या ग्रुपवर घेतलं, इंग्रजी नीट करायला. असे लोक मी आयुष्यात पाहिले नव्हते. पॅरिसचा एक बस ड्रायव्हर गाडी डेपोत लावली की मेसेज टाकायचा. मेलबर्नच्या दातांच्या डॉक्टर बाई दोन पेशंटच्या मध्ये निवेदनाचा मसुदा सुधारायच्या. ओस्लोच्या काकांना जाहिरातीवर मेणबत्ती हवी होती, लंडनच्या काकूंना ती अजिबात नको होती, आणि यावर अख्खा रविवार गेला. एकाने तमिळ लढवय्यांच्या झेंड्याचा विषय काढला तेव्हा भाचीने लिहिलं, झेंडा आणायचा असेल त्याने दुसरी मीटिंग शोधावी, इथे फक्त पेज. त्यावर एकदम वीस जणांनी अंगठे दाखवले. मी कोलशेतच्या एका ऑफिसात ट्रेनिंगच्या व्हिडिओंना सबटायटल लावते. दिवसभर फॉर्कलिफ्ट कशी चालवावी हे इंग्रजीत लिहायचं आणि मध्येच फोन उघडला की ही माणसं, कुठल्या कुठल्या देशात, कुठल्या खासदाराला भेटायला कोणी जायचं यावर वाद घालणारी. कॉलेजात मी कधी मोर्चाच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. आता मात्र सकाळी डोळे उघडायच्या आधी फोन चाचपडत होते.

मामींचं निवेदन इंग्रजीत मी लिहिलं. ते चांगलं झालं होतं, मला माहीत होतं. 'त्याला चौकीवर ताब्यात घेण्यात आलं, त्यानंतर त्याचा ठावठिकाणा लागलेला नाही,' असं त्यात होतं. ग्रुपवर लंडनच्या काकूंनी लिहिलं, हे थेट मानवाधिकार आयोगापुढे ठेवण्यासारखं आहे. मी मामींना त्याचं मराठी करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं आहे." दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हाही "बरं आहे." मी पुढे काही विचारलं नाही. मामी आधी तमिळमध्ये बोलतील आणि मग हे इंग्रजी वाचलं जाईल असं ठरलं होतं. वाचायचं कोणी यावर मी तीन दिवस झोपले नाही. शेवटी भाचीनेच लिहिलं, तुला जमत नसेल तर मी इथून वाचते. माझा जीव भांड्यात पडला. लॅपटॉप आणि वायर माझ्याकडे, आवाज तिचा.

राहिल्या करवंट्या. मी बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकला, करवंट्या असतील तर कृपया फेकू नयेत. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कशाला, केसांना लावायला का?" पण देताना त्यांनीच सर्वांत जास्त दिल्या, घासून पुसून. माझ्या कोपरीच्या मावशीने पिशवी भरून पाठवल्या आणि वर फोन करून आईला विचारलं, की पोरगी कुठल्या बुवाच्या नादी लागली आहे का.

आईला तोवर सगळं कळलं होतं, म्हणजे तिच्या परीने. तिने एकच गोष्ट पकडली. "पेज मी करणार. मामींनी त्या दिवशी गॅसपाशी उभं राहायचं नाही. आणि पेज कशी करायची हे राजापूरच्या माणसाला कोणी शिकवू नये." मामी नाही नाही म्हणत होत्या, पण माझ्या आईपुढे नाही म्हणणं सोपं नसतं.

त्या रविवारी संध्याकाळी टोरांटोत सकाळ होती आणि लंडनमध्ये भरदुपार. मी हॉलमध्ये लॅपटॉप लावत होते, तेवढ्यात आई मोठं पातेलं घेऊन आली. मागून बाबा, त्यांच्या हातात लोणच्याची बरणी आणि भाजलेल्या पापडांचा डबा. पेज उकड्या तांदळाची, नारळाच्या दुधातली, वर तुपाची धार आणि जिरं. हॉलभर वास सुटला. मामींनी झाकण उघडून पाहिलं, डावाने थोडी वाटीत घेतली आणि चाखली.

"वहिनी, फार छान झालीय," त्या म्हणाल्या.

"मग."

"म्हणूनच नाही चालणार."

आईला वाटलं मीठ कमी पडलं. मामी म्हणाल्या, "नाही हो. तूप नाही, दूध नाही, लोणचं नाही. तांदूळ, पाणी, मीठ. बास."

"अहो, असं नुसतं पाणी माणसांपुढे कसं ठेवायचं? एवढे लोक येणार. म्हणतील, हिच्या हाताला काही चवच नाही."

"म्हणू देत," मामी म्हणाल्या. "चव यायलाच नको आहे."

मी वायर गुंडाळत खाली बसले होते, तिथेच राहिले. कार्यक्रमाला तासभर होता. ग्रुपवर भाची विचारत होती, पेज तयार आहे का, फोटो पाठव. आईचा चेहरा उतरला होता, पण ती हातावर हात धरून बसणारी नाही. तिने बाबांना पातेलं भिंतीकडे सरकवायला सांगितलं, घरून दुसरं मागवलं आणि हॉलच्या ओट्यावरच्या गॅसवर पाणी चढवलं. मामींनी घरातून साधा तांदूळ आणला. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. आई ढवळत होती.

"लहान मुलांनापण हेच?" आईने विचारलं.

"हेच. त्यासाठी रांग. वरून गोळे पडायचे तरी रांग सोडायची नाही, कारण भांडं एकच. आमच्या आईला उभं राहवायचं नाही, मग माझा भाऊ उभा राहायचा."

"आणि मग त्याला धरलं कधी?"

मामींनी पाण्यात मीठ टाकलं. मग म्हणाल्या, "धरलं नाही, वहिनी."

माझे हात थांबले.

"शेवटच्या दिवशी सगळे बाहेर चालत निघाले. चौकीवर लाउडस्पीकर होता. म्हणत होते, एक दिवस जरी त्या लढणाऱ्यांच्यात होता तरी पुढे येऊन नाव द्या, लगेच सोडतो. याला त्या लढणाऱ्यांनीच जबरदस्तीने नेलं होतं, खड्डे खणायला. थोडे दिवसच. तो जात नव्हता. आई म्हणाली, जा. खोटं नको बोलू, जा, नाव देऊन ये. तिने त्याला असं पाठीवर हात ठेवून पाठवलं." मामींनी माझ्या आईच्या पाठीवर हात ठेवून दाखवला. "तो गेला. आई तिथे संध्याकाळपर्यंत बसली. टोरांटोच्या अक्काला हे माहीत नाही. आईने मला शपथ घातली होती."

तांदळाला उकळी आली होती. माझ्या लॅपटॉपवर ते निवेदन उघडंच होतं. 'ताब्यात घेण्यात आलं.' ग्रुपवर दोन महिने वाचून मला एवढं नक्की कळत होतं, की या दोन गोष्टींत केवढा फरक आहे. बोलावून घेतलं, वचन दिलं, आईच्या डोळ्यांदेखत आत घेतलं. भाची जे वर्षानुवर्षं शोधत होती ते हेच. माझं इंग्रजी त्यावर इस्त्री फिरवून बसलं होतं.

"बदलू का मी?" मी विचारलं.

"राहू दे," मामी म्हणाल्या. "आई गेली. आता जगासमोर तिच्यावर कशाला?"

मी मान डोलावली. मला पटलं नव्हतं, पण मला कधी काही बोलता येतं का? आई मात्र बोलली, पेजेतून डाव न काढता.

"त्यांच्यावर कसलं येतंय हो? त्यांची काय चूक? मी असते तरी हेच म्हटलं असतं. जा बाबा, नाव देऊन ये. कोणतीही आई हेच म्हणेल. चूक तर ज्यांनी शब्द दिला त्यांची."

मामींनी तिच्याकडे पाहिलं. मग गॅस बारीक केला.

लोक आले. मामींच्या भजनी मंडळातल्या तिघी, त्यांतली एक दारापर्यंत येऊन परत गेली आणि मग पुन्हा आली. पहिल्या मजल्यावरच्या काकू. सेक्रेटरी काका शेवटच्या खुर्चीवर, लक्ष ठेवायला. मी पडद्यावर आमची चौकट तपासली. पातेलं आणि त्यातून निघणारी वाफ, एवढंच दिसत होतं. बाजूला छोट्या छोट्या चौकटी भरत गेल्या. तो पॅरिसचा बस ड्रायव्हर दिसायला माझ्या कल्पनेपेक्षा फारच बारीक होता. भाचीने हात हलवला. मीही हलवला, आणि मग लक्षात आलं की तिला फक्त पातेलं दिसतंय.

लंडन झालं, ओस्लो झालं. एकेक माणूस करवंटी उचलून प्यायचा. मग भाचीने इंग्रजीत म्हटलं, "डोंबिवली."

मी बटण दाबलं. मामी तमिळमध्ये बोलायला लागल्या. ठरलं होतं तसंच. भावाचं नाव, गावाचं नाव, तो धाकटा, थट्टेखोर, अभ्यासात साधारण. हे मला पाठ होतं म्हणून कळत होतं. मग चौकीपाशी त्या आल्या आणि अडखळल्या. पुढच्या रांगेत आई बसली होती, डाव मांडीवर धरून. मामींनी तिच्याकडे पाहिलं आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. सुरुवातीला मला काही वेगळं वाटलं नाही, कारण मला सगळं समजत होतं. चौकटींतले चेहरे एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा उमगलं. मामी मराठीत बोलत होत्या. "वहिनी, आई त्याला म्हणाली, जा." त्या माझ्या आईला सांगत होत्या, मघाशी ओट्यापाशी सांगितलेलं सगळं, पुन्हा. लाउडस्पीकर, पाठीवरचा हात, संध्याकाळपर्यंत बसणं. आणि तुम्ही म्हणालात ते खरं, असंही.

भाची पुढे झुकली. तिच्या मागे तिची आई, मामींची अक्का, उभी राहिलेली दिसली. चॅटमध्ये कोणीतरी विचारलं, ही कुठली भाषा? भाचीच्या हातात माझं इंग्रजी होतं, ती ते वाचायला तोंड उघडणार आणि ते चुकीचं होतं. जगभरच्या त्या सगळ्या चौकटींत मामींची मराठी आणि भाचीच्या हातातलं इंग्रजी, दोन्ही कळणारी मी एकटीच होते.

मामी थांबल्या. माझ्याकडे वळल्या.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "काही गाळायचं नाही."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. माझा आवाज सुरुवातीला मलाच ऐकू आला नाही. सेक्रेटरी काका मागून हळूच म्हणाले, "जरा मोठ्याने, बाळ." मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, इंग्रजीत, कागदाशिवाय.

"ते निवेदन वाचू नका, ते मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "त्यांनी आत्ता सांगितलं ते असं आहे. माझ्या भावाला कोणी धरून नेलं नाही. त्याला बोलावलं. नाव दे, लगेच सोडतो, असं म्हणाले. आमच्या आईने त्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्याला पाठवलं. अक्का, हे मी तुला सांगितलं नव्हतं. आईची चूक नव्हती. तो दिवसाउजेडी, स्वतःच्या पायांनी चालत आत गेला, जिवंत, आणि आई बघत होती. तो कुठे आहे, हे ज्यांनी शब्द दिला त्यांनी सांगायचं आहे."